उत्तर द्या, मर्जी असेल तर : फ्रेंचमध्ये मागायचं कसं

लग्नपत्रिकेच्या तळाशी एका कोपऱ्यात आर.एस.व्ही.पी. अशी चार अक्षरं असतात आणि खाली काका-मामांची नावं, फोन नंबर. ही घरातल्या वडीलधाऱ्यांची काहीतरी पदवी असावी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. प्रत्यक्षात ते एक आख्खं फ्रेंच वाक्य आहे : ‘रेपोंदे, सिल व्हू प्ले’. रेपोंदे म्हणजे ‘उत्तर द्या’. सिल व्हू प्ले म्हणजे शब्दशः ‘तुम्हाला रुचत असेल तर’. येताय की नाही ते कळवा, तुमची मर्जी असेल तर.

फ्रेंचमध्ये काही मागायचं असेल तर लागणारा बहुतेक ऐवज या चार अक्षरांत आहे. आधी आज्ञार्थी क्रियापद आणि मागोमाग मर्जीचं शेपूट. अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून आपल्याकडे बरीच मुलं फ्रेंच घेतात, क्रियापदांचे तक्ते घडाघडा म्हणतात आणि पुढे कधी फ्रान्सला गेलीच, तर पाणी मागताना अडखळतात. तक्ता चुकलेला नसतो. वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवलेलं असतं, तिथे अडतं. आज्ञार्थाच्या बाबतीत मराठी फ्रेंचला इतकी जवळ आहे, की मधल्या इंग्रजीला सुट्टी द्यावी.

आधी उच्चारांचं थोडं. फ्रेंचमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आहेत, ट-ड नाहीत. प, त, क म्हणताना हवा बाहेर फेकायची नसते, तीही आपली सवयच आहे. ‘बोंझूर’ म्हणजे नमस्कार. त्यातला झ मात्र झाडातला नाही. श म्हणता म्हणता घशातून आवाज काढला की तो येतो. ‘र’ पडजिभेपाशी घासतो, तो आठवड्याभरात जमला नाही तरी कोणाचं काही अडत नाही. खाली देवनागरीत लिहिलेले उच्चार जवळपासचे आहेत. कानांनी ऐकल्याशिवाय ते पक्के होणार नाहीत.

आता मूळ मुद्दा. फ्रेंच आज्ञार्थाची रूपं तीनच. ‘थांबणे’ या क्रियापदाची घ्या : आताँ, आताँदे, आताँदों. म्हणजे थांब, थांबा, थांबू या. झालं. कर्ता बोलायचाच नाही, जसा आपणही ‘तू थांब’ऐवजी नुसतं ‘थांब’ म्हणतो. पहिलं रूप ‘त्यू’चं म्हणजे तू-चं, दुसरं ‘व्हू’चं म्हणजे तुम्ही-चं. इंग्रजीत या दोघांसाठी एकच शब्द असल्यामुळे इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांना इथे पानं खर्च करावी लागतात. आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. बँकेतल्या माणसाला ‘थांब’ म्हणायचं नाही हे आपल्याला जन्मतः ठाऊक असतं. ‘ओं’कारान्त तिसरं रूप तर थेट आपलं ‘ऊ या’ आहे. पार्लों म्हणजे बोलू या. आलों-ज़ी म्हणजे चला, जाऊ या.

तू-तुम्हीचा हा व्यवहार फ्रान्सनं एकदा मोडूनही पाहिला. क्रांतीच्या ऐन धामधुमीत, १७९३ मध्ये, सगळे नागरिक समान तर सगळ्यांनी एकमेकांना त्यूच म्हणावं, असा आग्रह धरला गेला. फार टिकला नाही. आजही अनोळखी मोठ्या माणसाशी व्हू, आणि समोरचा ‘त्यू चालेल’ म्हणाला की त्यू. एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. आपण आईला ‘अगं आई, दे ना’ म्हणतो आणि बाबांना अनेक घरांत ‘अहो बाबा, द्या ना’. फ्रेंच घरात सहसा सगळे त्यू. आजीला त्यू, सासऱ्यांना हळूहळू त्यू. व्हू तिथे वयाचा मान कमी आणि ओळखीचं अंतर जास्त दाखवतो.

लिहिताना एक बारीक खोच आहे. ज्या क्रियापदांचा मूळ शब्द ‘ए’ उच्चारानं संपतो (पार्ले म्हणजे बोलणे, दॉने म्हणजे देणे) त्यांच्या तू-च्या आज्ञार्थात शेवटचा ‘एस’ गळतो. बोलताना तो मुळातच ऐकू येत नसल्यानं त्याची काळजी परीक्षेपुरती. हा एस परत येतो तो ‘व्हा-ज़ी’मध्ये, म्हणजे ‘जा, हो पुढे’. तिथला ज़ जहाजातला. खेळाच्या मैदानावर, रस्त्यावर, गाडी मागे घेणाऱ्याला हात करताना, फ्रेंच लोक हा शब्द सारखा वापरतात.

खरी गडबड होते ती सर्वनामांच्या जागेत. इथे एक विमानाची गोष्ट उपयोगी पडते. संकटात सापडलेला वैमानिक रेडिओवर ‘मेडे, मेडे, मेडे’ म्हणतो. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड नावाचे रेडिओ अधिकारी होते. तिथली बरीच विमानं पॅरिसला जा-ये करत, म्हणून दोन्हीकडच्या लोकांना सहज कळेल असा शब्द त्यांनी निवडला. फ्रेंच ‘मेदे’वरून मेडे. १९२७ च्या वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय करारानं तो अधिकृत झाला.

पण पॅरिसच्या रस्त्यावर पाय मुरगळून पडलात आणि ‘मेदे!’ म्हणून ओरडलात तर ते फ्रेंच व्याकरणात बसत नाही. ‘मला मदत करा’ला फ्रेंच म्हणतात ‘एदे-म्वा’. एदे म्हणजे मदत करा, म्वा म्हणजे मला. मेदे हे ‘व्हने मेदे’चं, म्हणजे ‘मला मदत करायला या’चं, उरलेलं शेपूट असावं असं समजतात.

नियम असा की साध्या वाक्यात फ्रेंच सर्वनाम क्रियापदाच्या आधी येतं, अगदी आपल्यासारखं. ‘व्हू म दॉने’, तुम्ही मला देता. आज्ञा होकारी असली की मात्र ते उडी मारून मागे जातं आणि ‘म’चं ‘म्वा’ होतं : ‘दॉने-म्वा’, द्या मला. आज्ञा नकारी झाली की पुन्हा मूळ जागी : ‘न म दॉने पा’, मला देऊ नका. म्हणजे रागावलेल्या मराठी माणसाचं ‘द्या मला!’ हा फ्रेंचचा नेहमीचा होकार आणि शांत मराठी माणसाचं ‘मला देऊ नका’ हा फ्रेंचचा नेहमीचा नकार. दोन सर्वनामं एकत्र आली तर ‘दॉने-ल-म्वा’, द्या ते मला. इतकं पाठ असलं की निम्मी गाडी सुटते. मोंत्रे-म्वा, दाखवा मला. दीत-म्वा, सांगा मला. आताँदे-म्वा, माझ्यासाठी थांबा. एक्स्क्यूज़े-म्वा, म्हणजे माफ करा मला. तोही आज्ञार्थच, आणि दिवसातून वीसदा लागणारा.

व्याकरण इथपर्यंत ठीक. खरी परीक्षा दुकानात होते.

फ्रान्समध्ये पहिल्या आठवड्यात मी एका बेकरीत शिरलो आणि नीट घोकलेलं वाक्य म्हटलं. काउंटरमागच्या बाईंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाल्या, ‘बोंझूर, मस्यो.’ मी पुन्हा पाव मागितला. त्या पुन्हा ‘बोंझूर’. मागे रांग. तिसऱ्यांदा मला कळलं की माझं वाक्य अजून सुरूच झालेलं नाही.

आपल्याकडे किराणा दुकानात ‘नमस्कार’ म्हणून कोणी साखर मागत नाही. ‘भाऊ, अर्धा किलो साखर द्या’, बस. आदर ‘भाऊ’ आणि ‘द्या’ यांत मावला, वर आभार मानले तर भाऊच दचकेल. फ्रेंचमध्ये ‘द्या’ तेवढा पुरत नाही. आधी बोंझूर, जमलं तर मागे मादाम किंवा मस्यो, मग मागणी, शेवटी सिल व्हू प्ले. यातला बोंझूर सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तो म्हणण्यापूर्वी तुम्ही समोरच्याला माणूस म्हणून पाहिलेलंच नाही असा अर्थ घेतला जातो. नीस शहरातल्या ‘ला पतीत सीरा’ या कॅफेनं २०१३ मध्ये एक फलक लावला होता आणि तो जगभर गाजला. नुसतं ‘एक कॉफी’ म्हणणाऱ्याला कॉफी ७ युरो. ‘एक कॉफी, सिल व्हू प्ले’ म्हणणाऱ्याला ४.२५. ‘बोंझूर, एक कॉफी, सिल व्हू प्ले’ म्हणणाऱ्याला १.४०. गंमतच होती ती, पण हिशोब बरोबर मांडला होता : बोंझूरची किंमत सिल व्हू प्लेइतकीच, किंबहुना थोडी जास्त.

या दोन टोकांच्या मध्ये काय घालायचं, यात मोकळीक आहे. बेकरीत तर क्रियापदच लागत नाही. ‘बोंझूर मादाम, युन बागेत, सिल व्हू प्ले.’ बागेत म्हणजे लांबुळका फ्रेंच पाव. एवढ्यात काम होतं. पाव फार भाजलेला नको असेल तर ‘पा त्रो क्वीत’ जोडायचं. भाजीबाजारात मात्र आज्ञार्थ मोकळेपणानं चालतो आणि तिथलं नेहमीचं क्रियापद ‘द्या’ नाही, ‘घाला’ आहे : ‘मेते-म्वा ॲं किलो द तोमात’, एक किलो टोमॅटो घाला. आपण मंडईत ‘अर्धा किलो टाका’ म्हणतो तसंच. त्यावर भाजीवाला विचारतो ‘ए आव्हेक ससी?’, म्हणजे याबरोबर आणखी काय. नको असेल तर ‘स सरा तू’, बास, एवढंच. हे चार वाक्यांचं नाटक सगळीकडे जवळजवळ याच क्रमानं होतं. एकदा बसलं की डोकं न वापरता करता येतं.

हॉटेलात, ऑफिसात, दवाखान्याच्या काउंटरवर ‘दॉने-म्वा’ सिल व्हू प्लेसकटही जरा आखडू वाटतं. तिथे ‘झ व्हुद्रे’ वापरायचं : मला हवं होतं. ‘झ व्ह्यो’, मला पाहिजे, हे लहान मूल दुकानात पाय आपटताना म्हणतं. या जागी मराठी माणसाला फुकटात एक हत्यार मिळालेलं आहे. आपणही मागणं मऊ करायला भूतकाळात जातो. ‘एक विचारायचं होतं’, ‘जरा पाणी हवं होतं’. विचारायचं आत्ताच असतं, पण क्रियापद कालचं. फ्रेंच अगदी हेच करतात : ‘झ व्हुले व्हू दमाँदे’, मला तुम्हाला विचारायचं होतं. समोरच्याकडून काही करून हवं असेल तर प्रश्न करायचा. ‘पुव्हे-व्हू’ म्हणजे करू शकता का, ‘पुर्ये-व्हू’ म्हणजे करू शकाल का. दुसरं जास्त मऊ, आपलं ‘द्याल का’ हे ‘देता का’पेक्षा मऊ तसं. घरात मित्राला मीठ मागताना ‘पास-म्वा ल सेल, सिल त प्ले’ पुरे. व्हूचं त झालं, कारण शेपटालाही तू-तुम्ही लागू होतं. सिल व्हू प्ले जिवलग मित्राला म्हटलंत तर तो विचारेल, काय बिनसलंय.

मग ‘कृपया’ कुठे गेलं? आहे. त्याचं नाव ‘व्हय्ये’. ‘इच्छिणे’ या क्रियापदाचा हा आज्ञार्थ, म्हणजे ‘इच्छा करावी’. फोनवर यंत्र सांगतं ‘व्हय्ये पास्याँते’, कृपया प्रतीक्षा करा. पत्रात, नोटिशीत, घोषणेत तो असतो. आपल्याकडे स्टेशनवर ‘कृपया लक्ष द्या’ म्हणतात आणि घरी जेवताना ‘कृपया वरण वाढा’ कोणी म्हणत नाही. व्हय्येची हद्द हीच. पुस्तकात वाचून एखादा शिकाऊ माणूस मित्राच्या घरी व्हय्ये म्हणून बसतो तेव्हा तो रेल्वेच्या भोंग्यासारखा वाटतो.

पाट्यांचंही असंच. मनाईच्या पाटीवर फ्रेंच बहुधा आज्ञार्थ वापरतच नाहीत, क्रियापदाचं मूळ रूप वापरतात : ‘न पा फ्युमे’. इंग्रजीतून पाहिलं तर विचित्र वाटेल. मराठीतून पाहिलं तर ते आपलं ‘येथे थुंकू नये’ आहे. ‘थुंकू नका’ हे कोणालातरी उद्देशून असतं, ‘थुंकू नये’ हे भिंत सगळ्या जगाला सांगत असते. फ्रेंच पाककृतीतही पुष्कळदा ‘मीठ घाला’ऐवजी मूळ रूप येतं. आपल्या जुन्या पाककृतींतलं ‘मीठ घालावे, मंद आचेवर शिजवावे’ आठवा.

यंत्रं मात्र सरळ हुकूम सोडतात. एटीएम म्हणतं ‘रतिरे व्होत्र कार्त’, तुमचं कार्ड काढा. दारावर ‘पूसे’ म्हणजे ढकला आणि ‘तिरे’ म्हणजे ओढा. तिरेचा आणखी एक अर्थ ‘गोळी झाडा’, म्हणून संदर्भ पाहिलेला बरा. बाळंतपणाच्या खोलीतही सुईण पूसेच म्हणते. एक शब्द, दोन दारं.

नकाराचे दोन-तीन प्रयोग रोज कानावर पडतात. फोनवर ‘न कीते पा’, शब्दशः ‘सोडून जाऊ नका’, आपलं ‘फोन ठेवू नका’. ‘न बूझे पा’, हलू नका. पुस्तकात नकार दोन तुकड्यांचा असतो, ‘न’ पुढे आणि ‘पा’ मागे. बोलताना ‘न’ सर्रास गळतो आणि काम एकटा ‘पा’ करतो. याची कमाल ‘काळजी करू नकोस’मध्ये आहे. पूर्ण वाक्य ‘न तॅंक्येत पा’. बोलताना ‘तॅंक्येत पा’. तरुण मंडळी तर ‘पा’ही टाकून नुसतं ‘तॅंक्येत’ म्हणतात. आता नकाराचा एकही कण उरला नाही, शब्दशः अर्थ ‘काळजी कर’ असा उलटा झाला, तरी ऐकणारा निर्धास्त होतो.

रस्ता विचारलात तर उत्तर आज्ञार्थातच येणार आणि तिथे एक सापळा आहे. आले म्हणजे जा, तुर्ने म्हणजे वळा, प्रने म्हणजे घ्या. ‘आ गोश’ डावीकडे. ‘आ द्र्वात’ उजवीकडे. आणि ‘तू द्र्वा’ म्हणजे सरळ. उजवं आणि सरळ यांत फरक फक्त शेवटच्या त-चा. तो ऐकू आला तर वळायचं, नाही आला तर नाकासमोर चालायचं. खात्री नसेल तर ‘रेपेते, सिल व्हू प्ले’, पुन्हा सांगा, किंवा ‘पार्ले प्ल्यु लाँतमाँ’, हळू बोला. त्याहून बरं म्हणजे हात करून विचारणं. हातांचं व्याकरण दोन्ही देशांत सारखंच आहे.

शिष्टाचार पूर्ण गुंडाळून ठेवायची वेळ एकच, संकटाची. तिथे बोंझूर नको आणि सिल व्हू प्ले नको. ‘ओ सकूर!’ म्हणजे वाचवा, धावा. ‘बोलवा’साठी शब्द आहे ‘आप्ले’, कानाला अगदी आपल्या ‘आपले’सारखा, त्यामुळे विसरणं शक्य नाही. ‘आप्ले ले पोंप्ये!’, अग्निशमनवाल्यांना बोलवा. आग नसतानाही त्यांनाच हाक घालतात, कारण अपघातात प्रथमोपचार करायलाही बऱ्याचदा तेच येतात. त्यांचा नंबर १८, वैद्यकीय मदतीचा १५, पोलिसांचा १७ आणि सगळ्या युरोपात चालणारा ११२. हे आकडे व्याकरणाआधी पाठ करावेत.

फ्रेंच आज्ञार्थ मराठी घरात शिरल्याचं एक ठिकाण आहे, मॉरिशस. १९व्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात आणि रोजच्या व्यवहारात फ्रेंचमधून जन्मलेली क्रिओल बोलतात. क्रिओलीत ‘मला दे’ला ‘दोन म्वा’ म्हणतात. तू-तुम्हीचा आणि शेवटच्या ‘ए’चा सगळा गुंता त्या भाषेनं आज्ञार्थातून काढून टाकला आणि ‘दोन’ तेवढा ठेवला. मराठी कानाला तो आकडा वाटला तर दोष कोणाचा नाही.

फ्रेंच आज्ञार्थ वेष पालटूनही फिरतात. ‘राँदे-व्हू’, म्हणजे ठरवलेली भेट, हा मूळचा ‘हजर व्हा’ असा हुकूम आहे. आता फ्रान्समध्ये दंतवैद्याकडे वेळ घ्यायची तरी राँदे-व्हू घ्यावा लागतो, आणि हुकूम पाळावा तसा वेळेवर पाळावा लागतो.

बेकरीतल्या बाईंकडे परत येऊ. बोंझूर जागच्या जागी पडलं, बागेत मागितली, सिल व्हू प्ले झालं. त्या पाव कागदात गुंडाळतात आणि पुढे करताना म्हणतात ‘तने’, म्हणजे धरा, आपलं ‘हं, घ्या’. कधी म्हणतात ‘व्ह्वाला’. जादूगाराच्या टोपीतून ससा निघावा तसा हा शब्द जगभर वापरतात, पण तोही दोन तुकडे जोडून झालेला जुना आज्ञार्थ आहे : ‘व्ह्वा’ म्हणजे बघ, ‘ला’ म्हणजे तिथं. बघ तिथं. तुम्ही म्हणायचं ‘मेर्सी, बॉन झुर्ने’, म्हणजे धन्यवाद, दिवस छान जावो, त्या म्हणतात ‘बॉन झुर्ने, मस्यो’, आणि बाहेर पडताना दारावर पूसे लिहिलंय की तिरे, तेवढं वाचायचं.